बावन्न नमुन्यांची पट्टी

हे? हे पण उमानंच केलंय. सगळं उमानंच — ते दारावरचं तोरण, हा गळपट्टा, ही कानटोपी, हे मोजे, आणि ह्या उशीवर गुलाब दिसतायत ना, ते सुद्धा. जाऊबाईंनी, उमाच्या आईनं हो, मला सकाळपासून तीनदा बजावलंय — मुलाच्या आई माजघरात आल्या की विणकाम पुढं ठेवायचं, सगळं आमच्या उमानं केलंय म्हणायचं, आणि मग तोंड मिटून बसायचं. तर झालं बघा म्हणून. आता मिटते तोंड. बसा ना, अशा ह्या अंगाला बसा, तिकडं भिंतीला ओल आहे. चहा येईलच, जाऊबाई स्वतः गेल्यात चुलीपुढं. आज शुक्रवार, जुम्म्याची कचेऱ्यांना सुट्टी, बाहेर पुरुषांना काही घाई नाही — पत्रिका निघाल्यात म्हणजे अर्धा-पाऊण तास गेलाच म्हणून समजा. आमचे भाऊजी, उमाचे वडील हो, अनंतराव, कचेरीत पेशकार ना, कागद हातात आला की मागून-पुढून वाचल्याशिवाय सोडत नाहीत. पैठणहून सर्विस मोटारीनं आलात नव्हं? हाडं खिळखिळी झाली असतील. मी कालिंदी, उमाची काकू. घरात सगळे म्हणतात हिच्या तोंडाला कुलूप नाही — तसं काही नाही हां. मला गप बसता येतं. बघा, बसले.

थांबा — थांबा थांबा. तुम्ही तो गळपट्टा उलटा करून बघितलात. नाय नाय, खाली ठेवू नका, बघा की, पण तुम्ही आधी उलटी बाजू बघितलीत! एवढी स्थळं आली अन् गेली, बायका गुलाबाला हात लावतात, ‘छान हो’ म्हणतात आणि पोह्यांकडं वळतात. उलटी बाजू कोण बघतं? जी स्वतः विणते ती. गाठ कुठं दडवलीय, रंग बदलताना धागा कुठनं नेलाय — द्या बरं हात इकडं. अंगठ्याशेजारचं बोट. ही बघा, ही बघा रेघ! लोकर ओढून ओढून पडलेली. माझी बघा, अश्शीच. किती वर्षं विणताय? पंधरा? माय माय! आणि मी तुम्हाला तोंड वर करून सांगतेय, उमानं केलं, उमानं केलं. आता काय करू, तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणापुढंही रेटून बोलले असते, पण सुया धरणारीपुढं कसं बोलू? तुम्हाला तर कळलंच असणार — हा चाळिशीला टेकलेल्या बाईचा हात आहे, सतरा वर्षांच्या पोरीचा टाका असा बसत नाही. कळलं होतं ना? हसताय! बरं मग. माझंच आहे ते. सगळं. तोरण सोडून — तोरण खरंच उमाचं, म्हणून तर ते एका अंगाला कललंय. जाऊबाईंना सांगू नका, पाया पडते तुमच्या.

आणि कळलंच आहे तर हेही बघा, हे त्या कुणाला दाखवू देत नाहीत, म्हणतात भिकाऱ्याच्या वाकळेची किनार दिसते. ही माझी पट्टी. धरा ते टोक. ओढा, ओढा, अजून आहे — चार बोटं रुंद आणि नऊ हात लांब. सगळी उरल्यासुरल्या लोकरीची. ह्यात बावन्न नमुने आहेत, एकासारखा एक नाही. नवा नमुना हाती लागला की चार बोटं विणून बघायचा, आणि पुढं सरकायचं. अंगावर घालायचं काही करायचं तर लोकर कुठंय? सगळी फौजेला चाललीय. शहागंजातले लोकरवाले इलियासभाई मला लांबून बघितलं की तिथनंच हात हलवतात — नहीं है, काकू, नहीं है! पण मनात विणायला कुठं रेशनचं कार्ड लागतं? ही वेणी बघा — ही भाऊजींच्या स्वेटरला, पुढून दोन वेण्या पार गळ्यापर्यंत चढत जाणाऱ्या, करीन कधीतरी. हे मधाचं पोळं — हे बिल्किसच्या लेकीच्या झबल्याला, बिल्किस म्हणजे आमची भिंतीपलीकडची, माझी जिवाची मैत्रीण. आणि हातमोजे करायचेत, पाची बोटं सुटी सुटी! भाऊजी म्हणाले, कालिंदी, औरंगाबादेत थंडी पडते पंधरा दिवस, हातमोजे घालून मी काय ऊस खाऊ? म्हटलं, नका घालू, पण तळहातातनं बोटं कशी फुटतात ते मला एकदा करून बघायचंय. तुम्ही केलेत? खरंच? आणि अंगठा? अंगठा जमला? मग तुम्ही माझ्या गुरूच झालात, सोडा.

हे नमुने आले कुठनं? सांगते की. लढाई लागली त्या साली तालुकदारसाहेबांच्या बेगमेनं शहरातल्या बायका बंगल्यावर बोलावल्या, शिपायांचे मोजे विणायला. मी आणि बिल्किस एका टांग्यात, पडदा सोडून. छावणीतल्या दवाखान्याची मॅडम शिकवायला यायची. तिनं दोनच टाके शिकवले — सुलट आणि उलट. पण जगात दुसरं आहे काय, तुम्हीच सांगा? वेणी म्हणा, जाळी म्हणा, सगळी ह्या दोघांचीच मोडतोड. तर त्या मॅडमकडं विलायतेचे छापील कागद असायचे, चित्रासकट, आणि मी मोजा सोडून ते बघत बसायची. एक दिवस तिनं जुना गठ्ठाच माझ्या पदरात टाकला. घरी आणला, पसरला, आणि कपाळाला हात लावला. मला बाळबोध सुद्धा वाचता येत नाही बाई. उमानं मागं पाटी देऊन बसवलं होतं, पण दोन दिवसांत मी पाटीवर टाकेच मांडायला लागले, तिनं पाटी काढून घेतली. आणि हे तर इंग्रजी! मग उमाच वाचायला बसली, ती वाचणार आणि मी विणणार, असं चार वर्षं —

काही नाही. काही म्हटलं नाही मी. इंग्रजी? कोण म्हणालं इंग्रजी? हे बघा, मी म्हटलं होतं मला गप बसू द्या म्हणून.

निघालंच आता तोंडातून, गिळू कशी. बाहेर तुम्हाला काय सांगितलंय — मराठी चार बुकं झालीत, उर्दू सहीपुरतं, हो ना? खरं सांगू? शाळेत सातवीपर्यंत इंग्रजी झालंय तिचं, आणि पुढं त्या मॅडमकडं जाऊन शिकली. जाडजाड पुस्तकं वाचते. कणीक मळताना डब्याला टेकवून पुस्तक उभं करते, अर्ध्या पानांना कणीक चिकटलेली असते. गेल्या साली एक स्थळ त्यावरनंच मोडलं — शिकलेली सून सासूला उलटून बोलते म्हणाले. तेव्हा जाऊबाईंनी ठरवून टाकलं, पुस्तकं माळ्यावर आणि विणकाम खाली. म्हणजे बघा आमचा इंतजाम, पोरीला जे येतं ते लपवायचं आणि जे येत नाही ते मांडून ठेवायचं! उठू नका हां. सगळं ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा. ती उलटून बोलणारी नाही. बोलतच नाही फारशी, तिच्या वाट्याचं मी बोलते.

आणि इंग्रजी म्हणजे तरी काय हो — सुरुवातीला नुसती अक्षरं यायची, अर्थाच्या नावानं शंख. मॅडमनं एवढं सांगून ठेवलेलं की कागदावर ‘के’ आलं की सुलट आणि ‘पी’ आलं की उलट. तेवढ्यावर आमचा कारभार! त्यात एक कागद होता, चित्र फाटलेलं, वरचं नाव उमाला लागेना. म्हटलं सोड नाव, टाके वाच. ती ‘के तीन, पी दोन’ करत गेली, मी करत गेले, आणि झाली की हो तयार — गोल टोपी, वर गोंडा, आणि दोन्ही अंगांना एकेक भोक. आता भोकं कशाला? मी म्हटलं, अगं कानांना! विलायतेत पोरांचे कान मोकळे ठेवत असतील, नीट ऐकू यावं म्हणून. उमाचा धाकटा भाऊ तेव्हा सहा महिन्यांचा. घातली त्याला. दोन्ही कान बाहेर, वर गोंडा — एवढा गोजिरा दिसायचा! बिल्किसनं बघितली, तिनं दोन विणल्या. तिची बघून वरच्या आळीतल्या आशाबाईंनी एक. ती सगळी थंडी आमच्या गल्लीत चार पोरं कान बाहेर काढून फिरत होती. मग मॅडम आली देवी टोचायला. पोराकडं बघितलं, आणि दाराच्या पायरीवर बसून जी हसायला लागली, डोळे पुसायला रुमाल पुरेना तिला. चहाच्या किटलीचं पांघरूण ते, चहा गरम राहायला! एका भोकातनं तोटी, एका भोकातनं कान — किटलीचा कान! भाऊजी अजून त्या पोराला घरी ‘किटली’ म्हणूनच हाक मारतात. हसा, हसा, मोकळेपणानं हसा. तुम्ही हसलात की मला बरं वाटतं, मघापासून अंदाजच लागत नव्हता.

छोटा नमुना असला तर मी तीनदा ऐकला की पाठ. हे बावन्न सगळे तसेच, तिच्या तोंडून माझ्या कानात आणि कानातनं बोटात. पण एक आहे, तो पाठ होण्यातला नाही. शाल. चारी कडांना पिंपळाच्या पानांची रांग, मधे जाळी, एवढी बारीक की अंगठीतनं ओढली तर अख्खी निघते म्हणे. एकशेसाठ ओळी, आणि एक ओळ दुसरीसारखी नाही. समोर बसून कुणी ओळ न् ओळ वाचेल तेव्हाच होणार. लोकर मिळत होती तेव्हाच इलियासभाईंनी हैदराबादहून आणलेली पांढरी लोकर मी पेटीत जपून ठेवलीय, सोळा लडी, कडुनिंबाचा पाला घालून. सुया मॅडमनं परत जाताना दिल्या. सगळं जमलं, मी आणि उमा बसणार तर — जालन्याचं स्थळ आलं. आता बघा, अशा वेळेसाठी आमचं ठरलेलं. कुणी म्हणालं की ‘पोरी, विणून दाखव’, तर मी आधीच सुईवर साधं सुलट-उलट घालून ठेवलेलं असतं. उमा दहा-बारा टाके कशीबशी रेटते, तेवढ्यात जाऊबाई चहा आणतात. जालन्याच्या बाई म्हणाल्याच. आणि मी उमाच्या हातात काय दिलं? वेणीचं दिलं. अर्ध्या ओळीवरनं, तिसरी सुई अडकवलेलं. मुद्दाम.

हो, मुद्दाम. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बिल्किसला सुद्धा नाही. कामून तुम्हाला सांगतेय कुणास ठाऊक. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या सुयांकडं, आणि मग तिच्या हातातनं सगळे टाके घरंगळले, पार मांडीवर. जालनेकर उठले. जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. उमा मला एक शब्द बोलली नाही — समजलं नाही असं नाही हां, तिला सगळं समजतं — संध्याकाळी कागद घेऊन आली आणि म्हणाली, काकू, कुठली ओळ? आणि माझी छाती झाली नाही. आठ महिने झाले. त्या सोळा लडी तशाच आहेत, एक टाका घातला नाही मी. पाप केलं ते केलं, आणि शालही झाली नाही! आहे की नाही गंमत?

शालीसाठी केलं असंच मी मनाला सांगत होते. पण शाल कसली हो. माझ्या पोटी काही नाही. आमचे हे जालन्याला जिनिंगमध्ये, महिन्यातनं एकदा येणार, जेवणार, झोपणार. ह्या एवढ्या घरात दुपारी चारला माझ्याजवळ येऊन बसणारं एकच माणूस, आणि ते कागद वाचायला येतं. नमुना संपला की उठून जाईल म्हणून मी जाणूनबुजून चुकायची. ‘उमे, परत वाच गं, टाका निसटला.’ कुठं निसटला होता? माझा टाका निसटत नाही कधी. ती मात्र परत वाचायची. तोच नमुना, पहिल्यापासून, न कंटाळता. अशी मुलगी आहे ती. तिला मी भर बैठकीत खाली बघायला लावलं. आज नाही हं तसं काही. आज देवाशपथ साधं सुलट-उलट घालून ठेवलंय, त्या कोनाड्यात आहे, बघायचं तर बघा. तुम्ही विणायला सांगा तिला, बारा टाके करील ती. पुढचे तेवढे सांगू नका.

काय काढताय पिशवीतनं? पान नको, मी खात नाही — कागद आहे होय. किती घड्या पडल्यात, पार विरलाय. अगं माय. चांदण्या! आठ टोकांच्या, आणि मधे ही — अख्खा पलंगपोस आहे का हा? अख्खा? कुणी दिला? भावानं, सिकंदराबादहून. किती दिवस झाले? सहा वर्षं! आणि अजून — अहो कोण वाचणार काय म्हणता, तुमचा श्रीनिवास, नवरामुलगाच की, शाळेत मास्तर ना, त्याला येतं की. काय म्हणाला? ‘आई, हे इंग्रजी नाही, हे गणित आहे’ — आणि उठून गेला! एक ओळ वाचून! घ्या. म्हणजे सहा वर्षं तुम्ही नुसती घडी उघडायची, चांदण्या बघायच्या, आणि घडी घालायची.

थांबा. म्हणजे मघाशी मी इंग्रजीचं बोलून गेले, तेव्हा तुम्ही उठत नव्हता. तुम्ही जवळ सरकत होता.

असं आहे होय.

नाही, राग कसला. हसू येतंय मला, आणि आत कुठंतरी तुटतंय पण, दोन्ही एकदम. आम्ही आठ दिवस विणकाम झटकून मांडलं, पुस्तकं माळ्यावर चढवली, आणि तुम्ही पैठणहून आलात ते — तेच शोधत. तिला विणता येत नाही ते चालेल तुम्हाला? चालेल. विणायला तुम्ही आहातच की. खरंय.

मग ऐका, नीट ऐका, परत सांगायला वेळ मिळायचा नाही. ती भरभर वाचते, तिला म्हणायचं ‘दमानं’. प्रत्येक ओळीआधी ‘मग’ म्हणायची सवय आहे, तो ‘मग’ विणायचा नाही. सोळा-सतरा ओळी झाल्या की कंटाळते, तेव्हा रागवायचं नाही, पेरूची फोड द्यायची, मीठ लावून. ओळ संपली की तुम्ही मोठ्यानं ‘हं’ म्हणायचं, नाहीतर ती तशीच बसून राहते, पुढचं वाचत नाही, माणसाची वाट बघते. अंधारात वाचायला लावू नका, डोळे दुखतात तिचे. आणि दुपारी तिचं पुस्तक तिला वाचू द्या, कणीक लागली तर लागू द्या, पुस्तक तिचंच असतं. माळ्यावरची सगळी पाठवीन मी, जाऊबाईंना कळणार पण नाही. तुमचा टाका निसटला तर — तुमचाही निसटत नसणार. पण निसटला म्हणा अधूनमधून. तिला पुन्हा वाचायला आवडतं.

आता? आत्ता इथं बोलवू तिला, हा कागद वाचायला? नको. तुमच्या घरी वाचून घ्या काय ते. चांदण्या तिथंच होऊ द्या. माझ्यासमोर नका वाचायला लावू.

जाऊबाई आल्या बहुतेक, कपांचा आवाज येतोय. उठा तुम्ही. चहा बाहेर घ्या, चारचौघांत, आणि मुलगी पसंत आहे म्हणून टाका. पत्रिकेचं काही सांगू नका मला, भाऊजींना अजून दोन पानं उरली असतील. माझ्याकडं काय बघताय? जा म्हणते ना — माझं मन फिरायच्या आत जा.